पायरीवर झोपणारे काका आणि निवाऱ्याचा प्रश्न

कर्वेनगरहून एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या सोसायटीबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर पासष्टीच्या आसपासचे एक काका चार महिन्यांपासून झोपतात. सुरुवातीला अगदी नीटनेटके असायचे, शर्ट खोचलेला, दाढी केलेली. आता दिवसभर बसून असतात, स्वतःशी बोलतात, कधी कधी दारूचा वास येतो. सोसायटीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात पोलिसांना कळवा, अर्धे म्हणतात जेवण देत राहू. महापालिकेचं निवारा केंद्र असताना हे तिथे जात का नाहीत? माणसाचं असं कशामुळे होतं आणि आम्ही नेमकं काय करायचं?"

गेली २२ वर्षं मी पुण्यात हेच काम करते आहे. आधी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते, नंतर रात्रीच्या फेऱ्या आणि निवारा केंद्र. तुमच्या पत्रातलं 'शर्ट खोचलेला' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बहुतेक लोक आम्हाला चार महिन्यांनंतरचा माणूस दाखवतात आणि विचारतात, हा असा आहे म्हणून रस्त्यावर आला ना? तुम्ही मात्र पहिल्या आठवड्यातला माणूसही पाहिलाय, त्यामुळे तुमच्याशी बोलणं मला सोपं जाईल. दारू, बडबड, कामाचा कंटाळा, घाण ही बेघर होण्याची कारणं म्हणून सांगितली जातात. माझ्या अनुभवात यातलं बरंचसं नंतर येतं, आणि येण्याचा क्रमही थोड्याफार फरकाने ठरलेला असतो.

सुरुवात झोपेपासून होते.

तुमचे काका त्या पायरीवर कधी आडवे होत असतील? आजूबाजूची शटरं पडून गर्दी ओसरेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. पहाटे साडेचारला दुधाच्या गाड्या, मग पेपरवाले, मग झाडूवाल्या मावशी. मधल्या पाच तासांत कुत्री, बीटवरचे पोलीस, पिऊन आलेली पोरं, आणि जूननंतर पाऊस. चपला उशाला घेतात, कारण पायातल्या चपलासुद्धा चोरीला जातात. बोचक्याची दोरी पायाला बांधलेली असते. अशात सलग झोप फार तर दोन तास. घरी बाळ असलं की आपण दोन रात्रींत चिडचिडे होतो. इथे असे दोन-दोन महिने जातात.

काम करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं तेही सांगते. वारज्याला किंवा थेरगावच्या डांगे चौकात सकाळी मजूर अड्ड्यावर मुकादम येतो आणि तोंडं बघून माणसं उचलतो. डोळे लाल, कपडे चुरगळलेले, तर हा रात्री प्यायलेला असणार असं धरून पुढच्याला नेतो. दोन दिवस खाडा पडला की हातातले पैसे संपतात. आमच्या ओळखीचा लातूर जिल्ह्यातला एक गवंडी होता. पुण्यात आला तेव्हा सुपारीसुद्धा खात नव्हता. तीन महिन्यांनी भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, घेतली की चार तास काही ऐकू येत नाही." तो देशी प्यायचा ती झोपेसाठी. सगळेच असे असतात असं म्हणणार नाही. दारूपायीच घर गेलेलेही भरपूर भेटतात, आणि त्यांच्या बायकांची बाजू ऐकली की माझी सहानुभूती कुठे ठेवायची हेच कळत नाही. पण रस्त्यावरचा पिणारा माणूस दिसला की आधी काय आणि नंतर काय, हे विचारल्याशिवाय कळत नाही, एवढं नक्की.

बायकांचं गणित वेगळं. रस्त्यावरची बाई रात्री झोपतच नाही. एसटी स्टँड, रुग्णालयाचं आवार, जिथे दिवा आणि वर्दळ असेल तिथे बसून रात्र काढते आणि दिवसा देवळाच्या मंडपात डोळा लावते. लोक म्हणतात, बघा, दिवसाढवळ्या झोपलीय. उन्हाळ्यातही अंगावर तीन साड्या असतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या की त्या मुद्दाम आंघोळ करत नाहीत, वास आला की पुरुष लांब राहतात. नंतर आमच्या बैठकांत कुणी 'स्वच्छतेची जाणीव' वगैरे बोललं की मला त्या आजी आठवायच्या. शिवाय शौचालयाला दर वेळी पैसे पडतात, रात्री ते बंद असतं, म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि तापात बरळणाऱ्या बाईला लोक वेडी ठरवतात.

आता स्वतःशी बोलण्याकडे वळते. याच्या तीन-चार शक्यता असतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. काही जण मनाच्या आजारातच घरातून निघालेले असतात. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस गाडीत बसतो आणि गाडी जिथे थांबते तिथे उतरतो. पुणे स्टेशनवर आम्हाला बंगाल, ओडिशा, तामिळनाडूचे लोक असेच सापडलेत. अशांना उपचार करून घरी पोहोचवण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी वर्षानुवर्षं करतात. त्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरे, न झोपल्यामुळे आणि सतत सावध राहिल्यामुळे संशयी झालेले. चार रात्री नीट झोपवलं की यांतले बरेच जण बोलते होतात, हे मी निवारा केंद्रात डोळ्यांनी पाहिलंय. तिसरे म्हणजे वयस्कर माणसं, ज्यांच्यात साखर, सोडियम, संसर्ग किंवा अचानक सुटलेली दारू यामुळे भ्रम होतो. तुमच्या काकांच्या बाबतीत मला याच तिसऱ्या शक्यतेची जास्त काळजी वाटते. चार महिन्यांपूर्वी धड बोलणारा ६५ वर्षांचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आधी रक्त तपासायला हवं. त्यांना वेडे ठरवायची घाई करू नका. आणि काही जण निव्वळ एकटेपणामुळे बोलतात. चार महिने कुणी नावाने हाक मारली नसेल तर मीही बोलेन.

शरीराची हानी थोडक्यात सांगते. पाय आधी जातात: भेगा, सूज, मधुमेह असेल तर जखम, आणि पावसाळ्यात जखमेत किडे. क्षयरोगाचं औषध फुकट मिळतं, पण ते सहा महिने रोज घ्यायचं असतं आणि गोळ्यांची पिशवी बोचक्यात असते. बोचकं चोरीला गेलं की उपचार तुटतो, तोवर खोकला आजूबाजूला पसरत राहतो. इन्शुलिन लिहून देणाऱ्या डॉक्टरला मी एकदा विचारलं होतं, फ्रीज कुठे ठेवायचा, फुटपाथवर? तो बिचारा नवीन होता, वरमला. पुण्यात भिक्षेकऱ्यांमध्ये जाऊन तिथेच तपासणारे डॉ. अभिजित सोनवणे यांच्यासारखे लोक आहेत. दवाखाना माणसापर्यंत जातो तेव्हा काय फरक पडतो हे त्यांच्या कामात दिसतं.

बोचक्याबरोबर कागदही जातात. याविषयी कुणी फारसं लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या महिन्यात फोन चोरीला जातो. फोन गेला की सिम गेलं. नवीन सिमला आधार लागतं. आधारचं कार्ड बोचक्यात होतं, नंबर पाठ नाही, आणि तो शोधायचा तर ओटीपी त्याच गेलेल्या सिमवर जाणार. या फेऱ्यात अडकलेली माणसं आम्ही अक्षरशः महिनोन्‌महिने आधार केंद्रात घेऊन जातो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतो, हे केंद्रावरच्या मुलालाच माहीत नसतं. परिपत्रक आम्हीच दाखवतो. संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, पण महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. योजनेच्या नावातच 'निराधार' आहे, आणि आधार नाही म्हणून अर्ज परत येतो. हा विनोद आमच्या ऑफिसात इतका जुना झालाय की आता कुणी हसत नाही. त्या मानाने निवडणूक आयोगाची पद्धत मला शहाणपणाची वाटते. बेघर माणसाने मतदार म्हणून अर्ज केला तर तो जिथे झोपतो म्हणून सांगतो तिथे अधिकारी रात्री जाऊन पाहतो. एकापेक्षा जास्त रात्री तो तिथे झोपतो अशी खात्री पटली की पत्त्याचा कागद लागत नाही. हीच पद्धत रेशन कार्डाला लावायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: निवाऱ्यात का जात नाहीत?

कारण त्यांना 'गाडी'ची भीती वाटते. रस्त्यावरच्या भाषेत गाडी म्हणजे माणसं उचलून नेणारी गाडी. १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. त्यात पहिल्यांदा सापडलेल्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात तसं झालेलं नाही. मग डिसेंबरच्या रात्री आमची गाडी थांबते, चार जण उतरतात आणि गोड बोलून म्हणतात, चला, निवाऱ्यात झोपायला. फुटपाथवरच्या माणसाने कोणती गाडी कुठली हे ओळखायचं कसं? मी स्वतः पहिल्या वर्षी लोकांना पळताना पाहून चिडायचे. पुढे एका म्हाताऱ्या हमालाने मला नीट समजावलं, तेव्हापासून आम्ही गाडी लांब उभी करून चालत जातो आणि पहिल्या तीन भेटींत निवाऱ्याचा विषयच काढत नाही.

बाकीची कारणं साधी आहेत. नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं. प्यायलेल्याला आत घेत नाहीत. मार्केट यार्डात रात्री दोनला गाड्या खाली करायला जाणाऱ्या माणसाला निवाऱ्याची वेळ जमत नाही. लग्नसराईत केटरिंगवाल्यांबरोबर पत्रावळी-वाढपाला जाणारे रात्री एकला परत येतात, तोवर दार बंद. बोचकं ठेवायला कुलूपबंद जागा नसते. आणि मुळात निवारे कमी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घालून दिलेला आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात आलेला निकष म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा, चोवीस तास उघडा असा एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. पुणे महापालिकेची २०११ ची ३१ लाख लोकसंख्या धरली तरी ३१ निवारे हवेत. आपण त्याच्या आसपासही नाही. तेव्हा 'सोय आहे पण जात नाहीत' हे वाक्य जरा जपून वापरा.

बेघर किती, असंही लोक विचारतात. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेत मोजले तेव्हा देशात साधारण १७ लाख ७० हजार निघाले, त्यातले नऊ लाखांवर शहरांत. उघड्यावर, पुलाखाली, जिन्याखाली, पाइपात, फलाटावर, देवळाच्या आवारात झोपणारे यात येतात. हॉटेलच्या भटारखान्यात पोत्यावर झोपणारा पोऱ्या किंवा बांधकामाच्या अर्धवट स्लॅबखाली राहणारं कुटुंब यात आलं असेलच असं नाही. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आपण अजून त्याच एका रात्रीचे आकडे वापरतो आहोत.

शहरावर काय परिणाम होतो याचं उत्तर बहुधा 'गुन्हेगारी वाढते' असं अपेक्षित असतं. रस्त्यावर झोपणारी माणसं गुन्हे करतात त्याहून जास्त सोसतात, असं माझं मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्यांवर डंपर गेला. तीन जण गेले, त्यातली दोन लहान मुलं. ही माणसं अमरावतीहून मजुरीसाठी आली होती. म्हणजे शहराला त्यांचे हात हवे होते, झोपायला जागा मात्र दिली नव्हती. मला हा बेघरपणाचा खरा हिशेब वाटतो. रुग्णालयातला हिशेब वेगळा: 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ५५' असा केसपेपर निघतो, पाय बरा होतो, पण घरी सोडायला घरच नसतं. कॉट अडकते, बाहेर दुसरा पेशंट जमिनीवर असतो. शेवटी कुणीतरी त्याला गेटबाहेर सोडतं आणि पंधरा दिवसांत तो तीच जखम घेऊन परत येतो. या फेऱ्यांना किती खर्च होतो ते कुणीच मांडत नाही. मांडला तर खोलीचं भाडं स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे.

खोलीचं भाडं उगाच म्हटलं नाही. पुण्यात कॉट बेसिस, म्हणजे अख्खी खोली न घेता एका कॉटपुरतं भाडं देऊन राहणं, ही फार जुनी सोय आहे. विद्यार्थी तसे राहतात, मजूरही राहतात. कमावत्या बेघर माणसाचं भाड्याने सहसा अडत नाही. अनामत रक्कम आणि 'तुझ्या ओळखीचं कोण?' या दोन गोष्टींनी अडतं. आम्ही काही जणांची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं भरलं, मालकाला आमचा फोन नंबर दिला. सगळे टिकले नाहीत. एकाने अनामत काढून घेतली आणि गायब झाला, त्यावरून समितीत मला बरंच ऐकावं लागलं. पण जे टिकले त्यांची दारू कमी झाली ती खोली मिळाल्यानंतर, आणि हा क्रम आम्ही सांगितलेला नव्हता. आधी व्यसन सोड, मग घर देऊ, या वाटेने कुणी फार लांब गेलेलं मी पाहिलं नाही. चेन्नईला १९९३ पासून काम करणारी 'द बनियन' संस्था मनाच्या आजारातून सावरणाऱ्या बायकांना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात ठेवते, तीही अशाच विचाराने. आणि हे पुण्याला नवं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. त्यांना कुणी विचारलं नाही, की तुम्ही घराच्या लायक आहात का. गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या माणसांना आपण 'पूरग्रस्त' म्हणालो, बेघर म्हणालो नाही. शब्दाने एवढा फरक पडतो.

आता तुमचे काका.

पोलिसांना 'हटवा' म्हणून फोन करू नका. ते तीनशे मीटरवरच्या दुसऱ्या पायरीवर जातील आणि तुमची सोसायटी त्यांना ओळखते हा एकुलता एक फायदा जाईल. एकाच माणसाने, शक्यतो रोज त्याच वेळी, चहा घेऊन जावं आणि पायरीवर बसून प्यावा. उभ्याने बोलू नका. 'घर कुठं तुमचं?' हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. 'रात्री झोप लागते का?' हा विचारा. याला जवळजवळ सगळे उत्तर देतात. नाव विचारा, काका सांगतील ते खरं धरा.

बोलण्यात दिवस-वेळेचा गोंधळ दिसला, अंग तापलं असेल, हात थरथरत असतील, तर त्याच दिवशी १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्या आणि बरोबर कुणीतरी जा. सोबत नसेल तर माणूस 'अनोळखी' होतो. दारू एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याची अचानक सुटली तर फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मनाचा आजार वाटला आणि स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर पोलिसांना कळवा, पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम १०० सांगून. त्यात अशा माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून नातेवाइकांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, उपयोग होतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथेही कळवून ठेवा.

मुलांचा पत्ता लागला तर काकांना न विचारता फोन करू नका. मी एकदा केला होता. मुलगा आला, रस्त्यातच वडिलांवर ओरडला, आणि ते गृहस्थ त्याच रात्री तिथून निघून गेले. पुन्हा सापडले नाहीत. काकांनी होकार दिला तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं असेल आणि त्याने बाहेर काढलं असेल, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. अशी प्रकरणं मध्यमवर्गीय घरांतली असतात. खोचलेल्या शर्टामुळे मला ही शंका येते आहे, चूकही असेन.

जेवण द्या, पण एका घरातून एका वेळी. पाच घरांतून आलेलं उरतं, त्यावर उंदीर आणि कुत्री येतात, आणि मग जेवण न देणाऱ्या तटाच्या हातात कारण मिळतं. ब्लँकेट आणू नका, डिसेंबरमध्ये एका रात्रीत चार ग्रुप वाटून जातात. जाडसर प्लॅस्टिकचा ताडपत्रीचा तुकडा आणा. जूनमध्ये तो कुणीच वाटत नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये त्यांची पिशवी ठेवायला जागा करा, कागद असतील तर त्यांचे फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये जपा. आणि वॉचमनला सांगा की सकाळी सहाच्या आत त्यांना उठवू नकोस. दुकान बंदच आहे, पायरी कुणाला लागत नाही.

एवढं दहा-बारा दिवस करून बघा आणि मला कळवा: झोप किती तास होते, पायाला सूज आहे का, आणि बोलण्यात फरक पडला का. त्यावरून भाड्याची कॉट शोधायची की आधी रुग्णालयातला वॉर्ड, ते ठरवू.